परत दिलेले पिस्तूल

मी एक जुने पिस्तूल आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरेल, मित्रांनो. आणि मी पिस्तूल नाही, असे म्हटले तर माझ्यासमोर श्वास रोखून उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांचा अपमान होईल. माझी नळी बुजलेली आहे. माझा चाप दाबला तरी दबत नाही, कारण तो माझ्याच अंगाचा एक उंचवटा आहे. निळे रबर आणि त्याच्या पोटात वजनासाठी घातलेली शिशाची कांडी, एवढाच माझा ऐवज. तरीही माझे तोंड एखाद्या छातीकडे वळले की त्या छातीत काहीतरी धडधडू लागते, आणि ती धडधड अगदी खरी असते. मग मी कोण? आयुष्य सरत आले, तरी मला ते नीट उमगलेले नाही. तुम्हाला सांगता सांगता उमगले तर पाहू.

माझा जन्म पायपुसण्या बनवणाऱ्या कारखान्यात झाला. एके सकाळी दोन पहारेकरी एक खरे पिस्तूल घेऊन आले. ते रिकामे करून मऊ मातीत दाबले गेले, त्याचा ठसा उठला, आणि त्या पोकळीत तापलेले रबर ओतून मला घडवले. त्या पिस्तुलाला बाप म्हणावे, तर मी थंड होण्यापूर्वीच ते निघून गेले होते. माझी भावंडे म्हणजे ओळीने वाळत पडलेल्या पायपुसण्या. रबराच्या कडा कापणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला मांडीवर घेतले आणि लहान मुलाची नखे काढावीत तशा हळुवार हाताने माझ्या अंगावरच्या चिंध्या पात्याने उतरवल्या.

"मुकादम, पायपुसणीला पाय पुसतात," त्या म्हणाल्या. "ह्याला काय पुसायचं?"

"भीती," मुकादम म्हणाले आणि पुढच्या साच्याकडे वळले.

मी ते उत्तर जन्मभर जपले. माझ्याने भीती पुसली गेली, की कुणाच्या तरी उंबरठ्यावर मीच ती झटकून आलो, याचा हिशेब मात्र मला कधी जुळवता आला नाही.

मी ज्या खोलीत राहायला आलो ती एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे पूर्वी शिवणकामाचा वर्ग भरत असे. वर्ग बंद पडला, पण भिंतीवरचा उंच आरसा, खिळ्याला लटकणारी मापाची फीत आणि फळ्यांच्या फटींत अडकलेल्या टाचण्या मागे राहिल्या. त्यावर जाड गाद्या अंथरून वस्तादांनी आपला वर्ग सुरू केला होता. वस्ताद तरुणपणी कुस्ती खेळलेले; पुढे पहारेकऱ्यांना नेमबाजी शिकवण्यात त्यांची वीस वर्षे गेली. त्यांचा डावा गुडघा वाकताना कुरकुरत असे आणि ते त्याला "गप रे" म्हणत.

त्यांची विद्या दोन विद्यांच्या सांध्यावर उभी होती. ते म्हणत, "नेमबाजाला जवळ आलेला माणूस दिसत नाही, आणि पैलवानाला हातातली नळी दिसत नाही. दोघेही मरतात. मला तिसरा माणूस घडवायचाय." मग ते शिंप्यांची ती फीत खाली काढत आणि दोन माणसांमधले अंतर मोजत. एक हात, दोन हात, तीन हात. लांबवर पिस्तूल राजा असते. हाताच्या अंतरावर त्याचा रुबाब संपतो, कारण तिथे त्याला मनगट असते, कोपर असते, तोल असतो. समोरच्याची नळी आपल्यावरून बाजूला सारायची आणि स्वतः नळीच्या रेषेतून बाहेर सरकायचे. आपले पिस्तूल कमरेला असेल तर एका हाताने माणूस अडवायचा आणि दुसऱ्या हाताने ते बरगडीशी घट्ट धरायचे, पुढे लांबवायचे नाही. लांबवलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याला दिलेली वस्तू. "हात आधी, हत्यार नंतर," ते शेवटी सांगत, "आणि पळायला वाट असेल तर पळणं सगळ्यांच्या आधी. त्यात लाज नाही. लाज मेल्यावर वाटते, ती काय कामाची?"

या सगळ्यात माझे काम एकच होते, मित्रांनो. कुणीतरी मला रोखायचे आणि दुसऱ्याने मला हिसकावून घ्यायचे. कधी मी कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या चामडी म्यानात, असायचो आणि दोघे मला दोन बाजूंनी ओढायचे. भांडणाऱ्या आईबापांच्या मधल्या मुलासारखा मी दोघांचाही असायचो आणि कुणाचाच नसायचो. हिसकावण्यात माझे तोंड झिजले, चापाभोवतीची कडी एकदा फाटली आणि वस्तादांनी ती सुईदोऱ्याने शिवली. कुणी मला शाबासकी दिली नाही. पण एक क्षण असा होता की ज्यासाठी मी ते सारे आनंदाने सोसत होतो. हिसकावून झाले, दोन पावले मागे सरकून झाले, की हिसकावणारा मला पुन्हा जोडीदाराच्या हातात द्यायचा. सराव पुढे चालू राहावा म्हणून! तेवढे एक देणे मऊ असे. आताच पंज्यात आवळलेला मी दोन क्षणांत तळहातावर अलगद टेकवला जाई. माझ्या आयुष्यातली सगळी माया त्या देवघेवीत होती.

आणि ते देणे धाकटीइतके सुंदर कुणाचेच नव्हते.

धाकटी आणि थोरली या सख्ख्या भावांच्या बायका, एकमेकींच्या जावा. दोघी कौटुंबिक न्यायालयाच्या दारावर पहारेकरी होत्या. थोरली तिथे आधीपासून होती आणि तिच्या कमरेला पिस्तूल असे. तिनेच साहेबांकडे शब्द टाकून धाकटीला नोकरीला लावले होते, आणि धाकटीलाही पिस्तूल मिळावे म्हणून तिला हाताला धरून वस्तादांकडे आणले होते. लोक म्हणतात, जावा-जावा, उभा दावा. या दोघींना पाहून ती म्हण ओशाळली असती.

"अगं, जरा जोरात ओढ. भाकरी काढतेयस का तव्यावरून?" थोरली ओरडायची.

"तुमच्या मनगटाला लागेल, जाऊबाई."

"लागू दे. घरी भांडी तू घास, म्हणजे झालं."

धाकटी मला हिसकावायची, दोन पावले मागे जायची, बाहीने कपाळ पुसायची आणि मला उलटे करून, पकड पुढे आणि तोंड स्वतःकडे ठेवून, थोरलीच्या हाती द्यायची. थोरल्या जावेकडे, रबराचे का असेना, पिस्तुलाचे तोंड करणे तिला शोभत नसे. देताना ती विचारायची, "पुन्हा?" थोरली आधीच हात पुढे करून उभी असायची. "दे, दे लवकर. घरी पोरं वाट बघतायत."

असे किती वेळा झाले असेल? आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी शंभरदा, दोन वर्षे. मोजणाऱ्याने मोजावे. मी फक्त त्या तळहातांची ऊब लक्षात ठेवली.

मग एक आठवडा त्या आल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याऐवजी एक चष्मेवाले गृहस्थ आले, न्यायालयाने नेमलेले चौकशी अधिकारी. त्यांनी आपल्या फोनवर वस्तादांना काहीतरी दाखवले. मी कपाटाच्या कडेला पडलो होतो. मला पडदा दिसत नव्हता, फक्त वस्तादांचा चेहरा दिसत होता. न्यायालयाच्या कॅमेऱ्यातले ते चित्रण त्यांनी सात वेळा पाहिले. दर वेळी त्यांच्या कपाळावर एक नवी आठी चढली.

घडले ते असे. न्यायालयाच्या व्हरांड्यात एका आजींची काठी हातातून सुटली आणि ती उचलून द्यायला थोरली वाकली. तिच्या होल्स्टरचे बटण सैल झाले होते. मुलीचा ताबा हरून आलेला एक बाप मागेच उभा होता. आपण काय करतो आहोत हे त्यालाही कळायच्या आत त्याने तिचे पिस्तूल ओढून काढले. धाकटी एका हाताच्या अंतरावर होती. ती रेषेतून सरकली, नळी भिंतीकडे वळवली, मनगट पिळले, आणि पिस्तूल तिच्या हातात आले. वस्तादांनी शिकवले होते अगदी तसे, एक बोटभरही चूक नाही. ती दोन पावले मागे गेली. तिने बाहीने कपाळ पुसले. आणि तिने ते पिस्तूल, पकड पुढे करून, त्या माणसाच्या हातात परत दिले.

त्याने ते घेतले. व्हरांड्यातले सगळे जण गोठले होते, तोही गोठला होता. तो त्या पिस्तुलाकडे असा पाहत राहिला, जणू त्याला कुणी दुसऱ्याच्याच घराची किल्ली दिली होती. तेवढ्यात थोरलीने त्याच्यावर झेप घेतली, तो दचकला, आणि गोळी तिच्या डाव्या खांद्यातून आरपार गेली. मग त्याने स्वतःच पिस्तूल खाली टाकले आणि बाकावर बसून तो रडू लागला.

"तिने ते परत का दिले?" चौकशी अधिकारी विचारत होते. "पाहा, किती शांतपणे देते आहे. धक्काबुक्की नाही, दमदाटी नाही. देताना तिचे ओठही हललेले दिसतात. काय म्हणालात, असे विचारले तर आठवत नाही म्हणते. ती त्या माणसाला ओळखत असावी, किंवा तिच्या मनात थोरलीबद्दल काही असावे. तसे असेल तर प्रकरण नोकरीपुरते राहणार नाही."

"आणि थोरली काय म्हणते?" वस्तादांनी विचारले.

"काहीच म्हणत नाही. तिच्या जबाबावर सगळे अडले आहे."

वस्ताद खिडकीकडे वळले. "गुरुवारी दुपारी दोघींना इथं पाठवा," ते म्हणाले. "तुम्हीही या."

गुरुवारी त्या आल्या, पण वेगवेगळ्या. थोरलीचा हात गळ्यातल्या झोळीत होता. धाकटीचा गणवेश गेला होता. साध्या कपड्यांत ती मला निम्मी दिसली. एकोणीस दिवस त्या एकाच घरात, एकाच ओट्याशी पाठीला पाठ लावून उभ्या राहत होत्या आणि मीठ हवे असले तरी पोरांकरवी मागत होत्या.

"वस्ताद, मी काय सांगू?" धाकटी दारातच म्हणाली. "मला माझंच कळत नाही. लोक विचारतात, का दिलंस? मीही रोज मला तेच विचारते. मी दिलं, हे पडद्यावर दिसतं म्हणून खरं मानते. माझ्या डोक्यात ते नाहीच. माझ्या डोक्यात सोडवलं इथवरच आहे."

थोरली भिंतीकडे पाहत म्हणाली, "वस्ताद, गोळीचं दुखणं राहील किंवा जाईल. मला फक्त एवढंच कळू दे, की मी घरात कुणाबरोबर राहते."

हीच तेवढी गोष्ट पणाला लागली होती, मित्रांनो. नोकरी, चौकशी, कागद हे सारे त्याच्या मागून येणारे.

वस्तादांनी मला कपाटातून काढले. "मी तो माणूस. थोरल्या बाई, तुम्ही काठी उचलायला वाकलात. पोरी, तू इथं, एका हातावर."

"मला नाही जमायचं आता."

"जमायला बोलावलंच नाही. आम्हाला बघायचंय."

थोरली वाकली, वेदनेने तिचा ओठ दाताखाली गेला. वस्तादांनी मला उचलून रोखले. मी धाकटीच्या छातीसमोर होतो आणि तिची ती धडधड मला बुजलेल्या तोंडातूनही ऐकू येत होती. मग तिचे हात आले. रेषेतून सरकणे, वळवणे, पिळणे. मी तिच्या पंज्यात होतो. दोन पावले मागे. बाही कपाळावरून फिरली. मी तिच्या हातात उलटा झालो, पकड पुढे, तोंड तिच्याकडे, आणि मी वस्तादांच्या तळहातावर अलगद टेकलो.

"पुन्हा?" धाकटीने विचारले.

सगळे धाकटीकडे पाहू लागले. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून हातात धरला. मला काहीच समजेना. मला तर एकोणीस दिवसांनी ते मऊ देणे मिळाले होते आणि मी सुखावलो होतो. मग सगळे असे का पाहत आहेत?

"पोरी," वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "आत्ता तू काय केलंस?"

"काय केलं? सोडवलं की."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही." तिने खाली पाहिले. तिचे दोन्ही हात रिकामे होते. तिने ते उलटसुलट करून पाहिले, जणू हरवलेली वस्तू तिथेच कुठेतरी असेल. मग तिची नजर वस्तादांच्या हातातल्या माझ्याकडे गेली, आणि ती जागच्या जागी खाली बसली.

सर्वांत आधी थोरली बोलली. "मी मागायचे," ती म्हणाली. "रोज मीच हात पुढे करून उभी राहायचे. दे लवकर, दे लवकर." ती धाकटीकडे वळली. "अगं, हे मीच तुला शिकवलं की गं! आणि एकोणीस दिवस तुझ्या हातचं पाणी प्यायले नाही."

"शिकवलं मी," वस्ताद म्हणाले. "इतकी वर्षं मी समजत होतो, की हिसकावलं तिथं धडा संपतो. हातांना कोण सांगणार धडा संपला म्हणून? ते शिकतच राहिले." ते चौकशी अधिकाऱ्यांकडे वळले. "लिहून घ्या साहेब. चूक शिकवणाऱ्याची. सही मी करतो."

थोरलीनेही त्याच दिवशी जबाब दिला. धाकटीची नोकरी राहिली. एक वर्ष तिने बिनहत्यारी पहारा दिला. साऱ्यांना हायसे वाटले. मी मात्र त्या दिवसापासून अधिकच गोंधळलो. वस्ताद म्हणाले, "चूक माझी," थोरली म्हणाली, "माझी." आणि कपाटात पडल्या पडल्या मला वाटत राहिले, की ते देणे सगळ्यांत जास्त हवेसे तर मला होते. ज्या क्षणाला मी माया म्हणत होतो, तोच क्षण एका बाईच्या खांद्यातून आरपार गेला होता. मग ती माया नव्हती का? की माया होती, आणि फक्त जागा चुकली? रबराला रडता येत नाही. ते नुसते उन्हाळ्यात थोडे चिकट होते.

खोलीत नवा नियम आला. हिसकावून घेतलेले पिस्तूल कुणीही परत द्यायचे नाही. मागे सरकायचे, अंतर राखायचे, समोरचा दूर होईपर्यंत ताबा सोडायचा नाही. मग मला गादीच्या बाहेर जमिनीवर ठेवायचे, आणि जोडीदाराने स्वतः चालत जाऊन मला उचलायचे. त्या दिवसानंतर सरावात मी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलो नाही.

धाकटीने तर तो नियम अंगावरच ओढून घेतला. खोलीत असेपर्यंत ती काहीच कुणाच्या हाती देत नसे. रुमाल जमिनीवर, चपलांची पिशवी जमिनीवर.

"अगं बाई, पाण्याची बाटली तरी दे हातात!" थोरली वैतागून म्हणायची. "मी काय तुझ्यावर पाण्याने गोळी झाडणार आहे?"

"घ्या उचलून, जाऊबाई. खांद्याला व्यायाम."

"खांदा कुणामुळे गेला, ते विसरू नको."

"विसरत नाही, म्हणून तर खाली ठेवते."

आणि दोघी हसायच्या. या वाक्यांवर हसता येते, हे पाहून मी थक्क व्हायचो.

वर्षे गेली. वस्तादांचा गुडघा जिना चढेनासा झाला आणि आता वर्ग धाकटी चालवते. सरावाला नवे, केशरी रंगाचे पिस्तूल आले आहे. मी त्याच कपाटात असतो, शिवलेल्या कडीचा आणि झिजलेल्या तोंडाचा. पण दर नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी धाकटी मला बाहेर काढते. ती मला कुणावर तरी रोखते, त्याला हिसकावू देते, आणि काही न बोलता नुसता हात पुढे करते. तो नवखा मला तिच्या हातात देतो. प्रत्येक जण देतो. गेल्या महिन्यात एक दणकट ट्रकचालक आला होता, अंगाने कपाटाएवढा. त्यानेही मला दोन्ही हातांनी, अदबीने परत दिले आणि वर म्हणाला, "घ्या ताई."

"मेलात तुम्ही," धाकटी शांतपणे म्हणाली.

तो गोंधळून हसला. मागे बसलेली थोरली हसली नाही. तिने तेवढा आपला खांदा चोळला.

मित्रांनो, इतकी माणसे पाहिल्यावर मला एवढेच कळले, की मागितलेली वस्तू परत देणे हे माणसाच्या हाडात असते. ते वाईट आहे, असे म्हणायला माझे मन धजत नाही. म्हणून जाता जाता एक विनंती करतो. ज्या गोष्टींचा सराव कराल, त्यांच्या शेवटच्या, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या हालचालीकडेही लक्ष ठेवा. तुम्ही पाठ फिरवलेली असता तेव्हाही तुमचे हात शिकत असतात. आणि आज घरी गेल्यावर कुणाचे तरी काही परत करा. उसनी घेतलेली छत्री, वाचून झालेले पुस्तक, पाण्याची बाटली. टेबलावर ठेवून जाऊ नका. त्यांच्या हातात द्या, तळहाताला तळहात क्षणभर लागेल असे द्या.

ते देणे माझ्या वाट्याचे समजा. नियमाने मला आता कुणी कुणाच्या हाती द्यायचे नाही.